एका भाकरीचं पीठ

तव्यावरची भाकरी करपू लागली होती. तिचा कडवट वास स्वयंपाकघराच्या दारातून अंगणात आणि अंगणातून कुंपणापाशी दाटलेल्या माणसांपर्यंत पोचला होता, आणि तरीही ती उलथावी हे चतुराबाईच्या हाताला सुचत नव्हते. तिची ओली बोटे पीठ मळायच्या काटवटीच्या काठाशी थांबून होती. अंगणाच्या मधोमध, खांद्यावर घोंगडी टाकून जो माणूस उभा होता, त्याला तिने फाल्गुनात जळताना पाहिले होते.

तो तिचा नवरा, संतराम. धाकटा दीर उत्तमराव शेतातून उघड्या डोक्याने धावत आला होता आणि भावाच्या चार हात अलीकडेच खिळला होता. उत्तमरावाची बायको पार्वती आपल्या घरून तांब्याभर पाणी आणि भाकरतुकडा घेऊन आली होती. पण तो तिच्या हातातच राहिला. संकटातून परतलेल्या माणसावरून भाकरतुकडा ओवाळून टाकावा, ही रीत कुरुंदा गावात लेकरालाही ठाऊक होती. मात्र ज्याचे दहावे-तेरावे झाले, ज्याच्या नावाने गाव पंगतीला बसून उठले, त्याच्यावरून काय ओवाळायचे असते, हे कुणालाच ठाऊक नव्हते. आणि त्याची ही बायको, जिच्या कपाळावर कुंकू नव्हते आणि मनगटात काकण नव्हते, तिने उंबऱ्याच्या कोणत्या बाजूला उभे राहायचे?

शेवटी संतरामच बोलला.

"भाकर जळून राहिली, चतुरा."

तिने भाकरी उलथली. ती काळी पडली होती. आणि त्या क्षणी तिच्या मनात जे आले त्याची तिला पुढे कितीतरी दिवस लाज वाटत राहिली. आपण पीठ एकाच भाकरीचे घेतले आहे, एवढेच तिच्या मनात आले होते.

एका भाकरीचे पीठ घेणे ती सहजासहजी शिकली नव्हती. या घरात ती आली तेव्हा सुगीच्या मजुरांसकट साऱ्यांच्या भाकरी एका बैठकीत थापल्या जात. सासू गेली, दीर वेगळा झाला, मूल झालेच नाही. घर आक्रसत गेले, तरी तिची ओंजळ तेवढीच राहिली. संतराम गेल्यावर पहिले काही दिवस ती दोघांचाच स्वयंपाक करी आणि उरलेला म्हशीपुढे टाकी. मग एकेक भांडे उतरंडीच्या तळाशी गेले. डाळीच्या मडक्यात पसाभर डाळ तळाला चिकटून करपायची. म्हणून तिने डाळ सोडली आणि येसराच्या, भाजक्या मसाल्याच्या पिठाच्या, वाटीभर आमटीवर आली. मीठ चुकायचे. हाताला सवय दोघांच्या मिठाची होती, आणि खारट आमटी गिळताना तिला वाटायचे, यातला अर्धा खारटपणा त्यांच्या वाटणीचा आहे.

एवढे होऊनही एकुलती भाकरी तिने कधी थापली नाही. तव्यावर एकटीच भाकरी पडू द्यायची नाही, ती पिंडाच्या जातीची होते, असे सासूने सांगून ठेवले होते. काटवटीला लागलेले पीठ खरवडून ती तळहाताएवढी चानकी थापायची. घरात लेकरू असले की चानकी लेकराची असते. तिच्या घरी ती कावळ्याची झाली.

त्यामागे कारण होते. माघात संतराम रात्रीबेरात्री पैनगंगा ओलांडून वऱ्हाडात पळालेल्या माणसांना ज्वारी पोचवत होता, आणि त्याचे नाव निजामाच्या रझाकारांच्या कानावर गेले होते. फाल्गुनाच्या तोंडी शेजारचा तातेराव, जो बैलांच्या खरेदीसाठी नदीपलीकडे जाऊन येऊन असे, रक्ताने भिजलेले पागोटे आणि संतरामच्या हातातले चांदीचे कडे घेऊन आला. नदीच्या पात्रात गोळी लागली, देह धारेत वाहून गेला, एवढेच तो बोलला. देह नाही म्हणून औंढ्याच्या राधाकृष्ण जोशी भटजींनी पळसाच्या पानांचा पुतळा करवला, त्याला पागोटे घातले आणि अग्नी दिला. ओली पाने जळताना फुटत होती. तो आवाज चतुराबाईच्या झोपेत अजून येई.

दहाव्याला नदीकाठी पिंड मांडला आणि कावळा शिवला नाही. उत्तमरावाने हात जोडून आण घेतली की वैनीला अंतर देणार नाही, तिच्या वाटणीच्या हळदीच्या वाफ्याला हात लावणार नाही. कावळे बाभळीवर बसून होते. एकही उतरला नाही. त्याच वेळी काठावर बंदूकवाले येऊन थांबले. खरेच मेला का, हे पाहायला आले होते. चतुराबाईने त्यांच्याकडे पाहिलेही नाही. ती वाळूत कोसळली होती आणि तिच्या घशातून निघणारा आवाज बाईचा की जनावराचा हे तिच्या आईलाही ओळखता आले नसते. ते थोडा वेळ उभे राहिले आणि निघून गेले. अखेर जोशींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिवविला. परतताना बायका कुजबुजल्या, जीव बायकोत अडकलाय.

ते वाक्य तिने जपले. ज्या माणसाने इतक्या वर्षांत कधी जेवण चांगले झाले असेही म्हटले नव्हते, त्याचा जीव तिच्यात अडकला होता. आता चानकी ठेवू नये, वाटेला लागलेला जीव मागे ओढला जातो, असे जोशींनी बजावले होते. म्हणून ती चोरून ठेवायची. परसातल्या भिंतीवर, गोवऱ्यांच्या आडोशाने. एकदा भिंतीपलीकडून तातेरावाने ते पाहिले. दोघांनीही नजर वळवली. त्याखेरीज हे कुणालाच ठाऊक नव्हते.

आणि आणखी एक गोष्ट, जी कुणालाच ठाऊक नव्हती. आषाढातल्या एका दिवशी तिने तव्यावरची भाकरी तशीच, वाफेसकट, ताटात घेतली आणि मोडली. लग्न झाल्यापासून तिने गरम भाकरी खाल्ली नव्हती. साऱ्यांचे झाल्यावर, निवलेली, हीच तिची भाकरी. पापुद्रा फुटला आणि ज्वारीची गोड वाफ तिच्या चेहऱ्यावर आली. ती खाताना रडली. दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा गरमच खाल्ली, आणि रडली नाही.

संतराम परतला म्हणून राधाकृष्ण जोशींना औंढ्याहून बैलगाडीने आणले. ते ओट्यावर बसले, पण संतरामकडे सरळ पाहण्याचे त्यांनीही टाळले.

"शास्त्रात याला वाट आहे," ते म्हणाले. "क्रिया झालेला माणूस परतला, तर त्याला पुन्हा जन्म द्यावा लागतो. तूप लावून न्हाऊ घालायचं, नाव ठेवायचं, मुंज-सोडमुंज ज्याची त्याची रीत, आणि मग लग्न. त्याच बायकोशी."

"म्हणजे दादाचं बारसं मी जेवायचं?" उत्तमराव म्हणाला.

"पाळणा बी तूच हालव," कुंपणाशी कुणीतरी बोलले, आणि त्या सकाळपासून पहिल्यांदाच माणसे हसली.

"तोवर," जोशी पुढे म्हणाले, "यानं उंबरा ओलांडायचा नाही आणि या घरच्या चुलीचं खायचं नाही. अंगणात तीन दगड मांडा. एकट्याचं शिजवा, एकट्यानं खा. लग्नाच्या सकाळी दोघांचं पीठ एका काटवटीत मळायचं, तिथून संसार सुरू." मग त्यांनी आवाज उतरवला. "आणि चतुराबाई, तुम्हांला विचारावं लागेल. शास्त्रानं तुम्ही आज याच्या कुणी नाही. लग्नाला बसायचं की नाही, हे तुम्ही सांगायचं."

या घरात तिला आजवर कुणी काही विचारले नव्हते. ती पदराआडून म्हणाली, "सांगन."

"आता त्यात सांगायचं काय?" पार्वती तिच्या कानाशी पुटपुटली. "देवानं पदरात टाकलं, जाऊबाई. आमी बाया तर रोज जागच्या जागी मरून राहिलो, आमाला कोण विचारतं?"

चतुराबाईने सुपात पीठ घेतले आणि संतरामच्या दगडांपाशी जमिनीवर ठेवले. हातोहात द्यायचे नव्हते. तिला वाटले होते, याला पाणी किती घालायचे तेही कळणार नाही. घरात असताना तो तांब्याही हातात आल्याशिवाय पाणी प्यायचा नाही. त्याने पिठात आळे केले, कडत पाणी ओतले, मळले, आणि दोन्ही तळव्यांवर फिरवत भाकरी अशी वाढवली की काठाला एक चीर पडली नाही.

"दादा, वऱ्हाडानं तुला पार सुगरण केलं की," उत्तमराव म्हणाला. "आता लग्नात वैनीलाच घोड्यावर बसवा."

"पोट शिकवतं," संतराम म्हणाला. त्याच्या आवाजात थोडी ऐट होती.

तिने दारातून पाहिले. भाकरी फुगली, तशी तिच्या आतही काहीतरी हळूच फुगून आले. हा माणूस खरोखर जिवंत आहे, चूल फुंकतो आहे, त्याच्या भुवईला राख लागली आहे. पहिल्यांदाच तिला भीती न वाटता त्याच्याकडे पाहता आले. उत्तमराव आणि पार्वती निघून गेल्यावर ती उंबऱ्याशी आली.

"एकलीच भाकर टाकली. चानकी केली न्हाई?"

"कशाला?" तो हसला. "कावळ्याला ठेवायची ती आता? मी इथंच हाय की."

तिने दाराची चौकट धरली. चौकट थंड होती. तो भाकरी मोडत होता आणि तिच्या पायांखालची सारवलेली जमीन कुठेतरी खोल, आवाज न करता खचत होती.

"तुमाला काय ठाव, मी कावळ्याला ठेवत व्हते ते?"

त्याचा घास हातात थांबला. मग त्याने खांदे उडवले. कधीतरी सांगायचेच होते.

"तातेराव सांगायचा. बैलाच्या बाजाराला आला का समदं सांगायचा. तुझं कसं चाललंय, हळद किती निघाली."

"म्हंजे त्यायला ठाव व्हतं."

"त्यालाच तर पागोटं दिलं मी. बोकडाचं रगत व्हतं ते." तो आता मोकळा झाला होता, आपल्या हुशारीची गोष्ट सांगणाऱ्या माणसासारखा पुढे सरकला. "नाव गेलं व्हतं माझं रझाकारापाशी. जित्या माणसाचं घर जाळतात, मेलेल्याचं कोण जाळतं? त्यांनी बघायला माणसं धाडली, व्हय का न्हाई? तू खोटं रडली असती तर त्यांनी बराबर ओळखलं असतं. तुला खोटं येत न्हाई. म्हणून म्हटलं, हिला सांगायचं न्हाई. तुझ्या रडण्यानं घर वाचलं, चतुरा."

त्याने ते कौतुकाने सांगितले. इतक्या वर्षांत त्याच्या तोंडून आलेले हे तिचे पहिले कौतुक होते, आणि त्यात चूक काढायला जागा नव्हती. घर खरोखर वाचले होते. म्हैस वाचली, हळद वाचली, तो वाचला. एका बाईचे काळीज सरकारी कागदावर शिक्का उमटवावा तसे त्या वाळूत उमटवून घेतले होते, इतकेच.

"आन् कावळा," तो म्हणाला, आणि हसू त्याला आवरेना. "तातेरावानं सांगितलं, कावळा शिवंना, उत्तम हात जोडू जोडू आण घेऊन राहिला, जोशीबुवाला दर्भाचा कावळा करावा लागला. आमी लई हसलो त्या दिवशी. शिवणार कसा? मी तर तिथं भाकर खाऊन राहिलो व्हतो."

ती आत आली. चुलीपुढे बसली. चुलीत निखाऱ्यांचा इस्तू होता. तिने तो झाकला नाही, की पेटवला नाही. बाभळीवर बसून राहिलेले ते कावळे तिला दिसत होते, एकूणएक. साऱ्या गावात तेवढेच खरे बोलले होते, आणि त्यांचे बोलणे तिने स्वतःच्या मनासारखे लावून घेतले होते. जीव बायकोत अडकलाय. रोज सकाळी त्या वाक्यापुढे ती एक चानकी ठेवत आली होती.

संध्याकाळी ती परसात गेली. तातेराव भिंतीपलीकडे बैलाला पाणी दाखवत होता. ती काही म्हणायच्या आतच त्याने मान खाली घातली.

"शपथ घातली व्हती, वैनी. माझ्या लेकराची."

"मी तुमाला बोल लावाया न्हाई आले, भाऊजी. एक सांगा. भादव्यात पोलीस ॲक्शन झालं. रझाकार गेले. तवा त्यायला कळलं न्हाई का?"

तातेरावाने बैलाच्या पाठीवरून हात फिरवला. 

"मीच गेलो व्हतो सांगाया. म्हटलं, चल, समदं निवळलं, बायको कष्टी हाय. तो म्हणला, येतो. दसरा गेला. दिवाळीच्या बाजाराला परत गेलो. म्हणला, येतो."

"आजारी व्हते?"

"न्हाई."

"कुनी बाई?"

"न्हाई, वैनी. तसलं काहीच न्हाई. झोपडीत एकलाच राहायचा. आपलं थापायचा, आपलं खायचा. मला तर तो सुखी दिसला." मग त्यालाच आपल्या शब्दाचे भय वाटले आणि तो बैलाला घेऊन आत गेला.

सुखी. त्या शब्दाने तिला बसलेला धक्का पहिल्या साऱ्या धक्क्यांपेक्षा निराळा होता, कारण तो तिला समजला. नवऱ्याच्या मरणाचे कपट तिला परके होते. हे मात्र तिच्या ओळखीचे होते. कुणासाठी थांबायचे नाही, कुणी आपल्यासाठी थांबलेले नाही. वाटीभर आमटी, आणि वाफ चेहऱ्यावर घेऊन मोडलेली भाकरी. पैनगंगेच्या अलीकडे आणि पलीकडे, एकाच वेळी, दोन माणसे आपापल्या तव्यापुढे बसून तीच गोष्ट शिकत होती. फरक एवढाच की तिने त्या सुखाच्या प्रत्येक घासाला अपराध मानून गिळले होते, आणि ज्याचा अपराध वाटावा असे कुणी मेलेले माणूस त्याच्यापाशी नव्हते. होती ती जिवंत बायको, आणि तिला त्याने काही कळवले नाही.

लग्नाच्या सकाळी पार्वती हिरव्या काकणांची जुडी घेऊन आली. जोशींनी अंगणात पाट मांडले होते. उत्तमराव तुपाची वाटी हातात धरून भावाच्या अंघोळीच्या थट्टा करत होता, आणि संतराम दगडांपाशी उकिडवा बसून हसत होता. कुंपणाशी पुन्हा माणसे दाटली होती.

"विचारा त्यांना," जोशी पार्वतीला म्हणाले. "वेळ जवळ आली."

चतुराबाई स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिने काटवट आणली आणि उंबऱ्याच्या आत, पण सगळ्यांना दिसेल अशी, ठेवली. पिठाचा डबा आणला. दोन ओंजळी पीठ घातले. दोघांचे पीठ पाहून बायकांमध्ये समाधानाची कुजबुज झाली. पार्वतीने डोळ्याला पदर लावला. मग चतुराबाईने पाण्याचा तांब्या हातात घेतला आणि तो तसाच धरून ठेवला.

"जोशीबुवा, मला यांना एक विचारायचंय. त्यानी सांगितलं का मी पानी घालते."

"विचारा," जोशी म्हणाले.

ती संतरामकडे वळली. 

"तुमी मेल्याचं सोंग काहून केलं ते मी विचारत न्हाई," ती म्हणाली. "त्याला कारण व्हतं. मला सांगितलं न्हाई, त्यालाबी कारण व्हतं. कावळ्याचं हसलात, तेबी मी सोडलं. पर रझाकार भादव्यात गेले. तातेराव भाऊजी तुमाला न्यायला आले व्हते. तवापसून आजपतुर तुमी काहून आला न्हाई?"

संतरामच्या चेहऱ्यावरचे हसू जागच्या जागी राहिले. त्यामागचा माणूस तेवढा निघून गेला.

"बस ना आता, वैनी," उत्तमराव हलकेच म्हणाला. "आला ना तो?"

"भाऊजी, तुमी थांबा." तिचा आवाज चढला नव्हता. उलट तो खाली आला, जणू ती एकट्या त्याच्याशी, चुलीजवळ बसून बोलत होती. "मी सांगते, तुमाला सोपं जावं म्हणून. मलाबी एकटीचं रांधायची गोडी लागली व्हती. मी गरम भाकर खाऊन राहिले, तुमी मेलेले असताना. मला ते आवडलं. हे आजवर कुनाला सांगितलं न्हाई. तुमालाबी तसंच झालं असंल तर व्हय म्हना. मी राग धरनार न्हाई. आपुन दोघं एका काटवटीत मळू, आन् दोघं संगंच गरम खाऊ. निस्तं व्हय म्हना."

कुणीतरी बाई खोकली. जोशींनी पंच्याची घडी उलगडली, पुन्हा घातली. संतराम तिच्याकडे पाहत होता. तिने त्याला इतक्या वर्षांत इतके सरळ पाहताना कधी पाहिले नव्हते, आणि तिला क्षणभर आशा वाटली, की आता ओठ हलतील. ते हललेही. त्याची नजर तिच्या हातातल्या तांब्यावर गेली, तिथून काटवटीतल्या दोन ओंजळींवर, तिथून पाटांवर, काकणांवर, कुंपणाशी वाट पाहणाऱ्या साऱ्या चेहऱ्यांवर.

मग तो उठला. गुडघ्यावरची राख झटकली. दगडावर वाळत घातलेली घोंगडी त्याने खांद्यावर घेतली. "दादा," उत्तमराव म्हणाला, "अरे, बोल ना काहीतरी." माणसांनी कळत-नकळत वाट दिली. त्या वाटेने तो अंगणाबाहेर पडला आणि मागे न पाहता पैनगंगेच्या, पलीकडच्या आपल्या एकट्या चुलीच्या रोखाने चालू लागला.